ग्राउंड सोर्स हीट पंप बसवायला शिकायचंय, सर्टिफिकेट कुठलं घ्यावं?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. बेळगावात आयटीआयला रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलाय, सध्या शहरात आणि उद्यमबागेत स्प्लिट एसी, कोल्ड रूमची कामं करतो. मामाची बोअर मारायची गाडी आहे. 'सर्टिफाइड जिओथर्मल इन्स्टॉलर' असा एक ऑनलाइन कोर्स त्यानं बघितलाय, फी दणदणीत आहे. तो विचारतोय: काका, हा कोर्स करू का? आपल्याकडं या कामाला लायसन्स लागतं का? आणि बेळगाव भागात हे काम मिळेल का?

ग्राउंड सोर्स हीट पंप म्हणजे बोअरमध्ये सोडलेल्या बंद पाइपातून, म्हणजे लूपमधून, पाणी फिरवून खोलीतली उष्णता जमिनीत सोडणारं किंवा जमिनीतली उष्णता वर आणणारं मशीन. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, आणि तीच या धंद्याची अडचण आहे. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, आणि ते त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास किंवा किंचित वर असतं. आपल्याकडं ते पंचवीस-सव्वीस अंश धर. युरोपात हिवाळ्यात बाहेर उणे पाच आणि जमिनीत अधिक दहा असतं, म्हणून तिथं जमिनीतून उष्णता उपसणं परवडतं. आपल्याला उलटं काम करायचं असतं: खोलीतली उष्णता जमिनीत ढकलायची. एप्रिल-मे मध्ये बाहेर छत्तीस-सदतीस अंश असताना जमीन दहा अंशांनी थंड मिळते, हा फायदा खरा. पण तो मोजक्या आठवड्यांचा. बाकी वर्षभर बेळगावच्या घरात पंख्यावर भागतं. टिळकवाडीतल्या बंगल्यासाठी शंभर-शंभर मीटरची तीन बोअर मारून एसी चालवायला कोणी निघाला, तर मी त्याला आधी छतावर इन्सुलेशन कर म्हणून सांगेन.

म्हणजे काम नाहीच का? आहे, पण जागा निवडक आहेत. जिथं थंडावा आणि गरम पाणी दोन्ही वर्षभर लागतात तिथं हे गणित बसतं: मोठं हॉस्पिटल, हॉटेल, दूध थंड करणारी आणि भांडी गरम पाण्यानं धुणारी डेअरी, काही कारखान्यांतली प्रक्रिया. अशा ठिकाणी एसीनं उचललेली उष्णता आधी पाणी तापवायला जाते, उरलेली जमिनीत. नुसता एसी चालवला तर वर्षानुवर्षं आपण जमिनीत उष्णता भरतच राहतो, परत काढत नाही. लूपच्या आजूबाजूचा खडक हळूहळू तापतो आणि काही वर्षांनी मशीन पहिल्यासारखं चालत नाही. थंड देशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ही अडचण बरोब्बर उलट्या बाजूनं असते. तिथं जमीन गार पडत जाण्याची काळजी असते. त्यामुळं परदेशी कोर्समधली उदाहरणं जशीच्या तशी इथं लावता येत नाहीत.

सध्या आपल्या भागात जास्त खपतंय ते हवेवर चालणारं हीट पंप वॉटर हीटर. होस्टेल, हॉटेल, मंगल कार्यालय. बोअर नाही, लूप नाही. तुझी पहिली दोन-तीन वर्षं त्याच कामात जातील असं मी धरतो, आणि ते चांगलंच आहे. मशिनाची बाजू दोन्हीकडं सारखीच असते. २०२५ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण आणलं आणि त्यात ग्राउंड सोर्स हीट पंपाचाही समावेश आहे, तेव्हा पुढं मागणी वाढेलही. पण धोरण निघालं म्हणून उद्या खानापुरात ऑर्डर येत नाही.

आता लायसन्स. 'ग्राउंड सोर्स हीट पंप इन्स्टॉलर' असं वेगळं सक्तीचं लायसन्स भारतात नाही. जाहिरातवाला 'सरकारमान्य' म्हणत असेल तर नेमक्या कुठल्या सरकारनं, कुठल्या आदेशानं मान्य केलंय ते विचार. मात्र या कामाचे जे तुकडे आहेत त्यांना आपापले नियम आहेत आणि ते लोक विसरतात. वीजजोडणीला राज्याचा परवाना असलेला कंत्राटदार आणि वायरमन लागतो, हेस्कॉम या वीज कंपनीकडून लोड मंजूर करून घ्यावा लागतो. हा परवाना राज्याचा असतो. उद्या चंदगड-गडहिंग्लजला काम घेतलंस तर कर्नाटकाचा कागद तिथं चालतो का ते आधी विचारून ठेव. बोअरसाठी कर्नाटकात २०११ चा भूजल कायदा आहे, गाडीची नोंदणी लागते आणि अधिसूचित भागात आधी परवानगी. महाराष्ट्रात २००९ चा वेगळा कायदा. 'आमचं भोक पाण्यासाठी नाही, बंद पाइपासाठी आहे' असं सांगून सुटका होईल असं गृहीत धरू नकोस. लेखी विचार, लेखी उत्तर ठेव.

आणि उघड्या बोअरचं तर सांगायलाच नको. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच नियम घालून दिले आहेत: पंधरा दिवस आधी कळवणं, फलक, कुंपण, झाकण, सोडून दिलेलं बोअर जमिनीपर्यंत बुजवणं. २०१७ मध्ये अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला लहान मुलगी उघड्या बोअरमध्ये पडून गेली, ते आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. लूपसाठी एका साइटवर एकदम सहा-आठ भोकं पडतात आणि पाइप सोडायला कधी दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्या वेळात प्रत्येक भोकावर बोल्टनं आवळलेलं झाकण असलंच पाहिजे. पोतं आणि दगड याला मी झाकण म्हणत नाही.

बाहेरच्या सर्टिफिकेटांबद्दल थोडं सांगतो, म्हणजे जाहिरातीतली नावं ओळखता येतील. अमेरिकेत इंटरनॅशनल ग्राउंड सोर्स हीट पंप असोसिएशन आहे, १९८७ साली ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या आधारानं उभी राहिलेली. तिच्या परंपरेत इन्स्टॉलर, ड्रिलर आणि डिझायनर यांची पात्रता वेगवेगळी असते. सर्टिफाइड जिओएक्स्चेंज डिझायनर हे त्यातलं वरचं, ते असोसिएशन ऑफ एनर्जी इंजिनिअर्सबरोबर चालतं आणि त्याला शिक्षण-अनुभवाची अट आहे. ब्रिटनमध्ये एमसीएस नावाची योजना आहे. ती व्यक्तीला नव्हे, बसवणाऱ्या कंपनीला प्रमाणित करते. त्यामुळं 'एमसीएस सर्टिफाइड टेक्निशियन बना' असं कोणी म्हणालं की समजून जा. जर्मनीत बोअर मारणाऱ्या कंपनीसाठी डीव्हीजीडब्ल्यूचं डब्ल्यू १२०-२ हे प्रमाणपत्र आहे आणि कामाची दिशा व्हीडीआय ४६४० ठरवते. रेफ्रिजरंट, म्हणजे मशिनातला गॅस, हाताळायला अमेरिकेत ईपीए ६०८ आणि युरोपात एफ-गॅसचं प्रमाणपत्र लागतं. हे सगळे कागद त्या त्या देशात काम करायला लागतात. तिकडं नोकरीचं पत्र हातात असेल, किंवा कंपनी फी भरत असेल, तर जरूर घे. नुसतं भिंतीवर लावायला घेऊ नकोस. बेळगावचा हॉस्पिटलवाला तुझं ईपीए कार्ड बघून काम देणार नाही.

मग शिकायचं काय? मी या कामाकडं असं बघतो: मशीन बिघडलं तर उघडता येतं, वायर जळली तर बदलता येते, पण जमिनीत गेलेली गोष्ट पुन्हा बाहेर काढता येत नाही. म्हणून शिकण्यातला सर्वांत जास्त वेळ जमिनीखाली जाणाऱ्या गोष्टींवर घालव. रेफ्रिजरेशनचा तुझा पाया आहेच. बरीच वॉटर-टू-वॉटर (एका पाण्यातली उष्णता दुसऱ्या पाण्यात नेणारी) युनिटं कारखान्यातून गॅस भरूनच येतात, बसवताना त्याला हात लावायचा नसतो. फक्त गॅसांपैकी आर-३२ थोडा आणि आर-२९० चांगलाच ज्वलनशील आहे, त्यांची हाताळणी आर-२२ च्या सवयीनं करू नकोस. इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल्स कौन्सिलचे टेक्निशियनसाठी छोटे कोर्स असतात आणि इश्रे ही आपल्या व्यवसायातली १९८१ पासूनची संस्था, तिचे पुणे-बेंगळुरूकडचे कार्यक्रम पाहत राहा. एवढं पुरे.

पाइपावर मात्र थांबू. लूपसाठी एचडीपीई, पीई १०० ग्रेडचा, आयएस ४९८४ चा शिक्का असलेला पाइप घेतात. बोअरमध्ये ३२ किंवा ४० मिलिमीटर, एसडीआर ११ (व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरापट), म्हणजे पीएन १६, सोळा बार दाबाचा. खालचा यू-बेंड, म्हणजे दोन नळ्या तळाशी जोडणारं वळण, कारखान्यात जोडलेलाच आणायचा. भोकाच्या आत हातानं केलेला जोड चालत नाही, अजिबात नाही. वरचे हेडरचे, म्हणजे सगळे लूप एकत्र आणणाऱ्या पाइपाचे, जोड मात्र तुलाच करायचे आहेत आणि तिथं सगळी परीक्षा आहे. बट फ्यूजनची (टोकाला टोक वितळवून जोडायची) प्लेट साधारण २०० ते २३० अंशांवर, सॉकेटची (पाइप फिटिंगच्या आत घालून जोडायची) २६० च्या आसपास. टोकं काटकोनात कापलेली, खरवडलेली, खरवडल्यावर बोट न लागलेली. प्लेट काढून टोकं जुळवायला काही सेकंदच मिळतात. नंतर दाब न सोडता हवेतच थंड होऊ द्यायचं.

कृष्णाकाठच्या अथणी-रायबागकडं लिफ्ट इरिगेशनच्या लाइनी जोडणारी पोरं तू बघितली असशील. हात तयार असतो त्यांचा, वेग बघत राहावं असा. पण घाई असली की जोडावर पाणी ओततात. शेताच्या लाइनीत गळलं तर चिखल दिसतो, उकरून दुरुस्त होतं. इथं हेडर एकदा काँक्रीटच्या पार्किंगखाली गेला की विषय संपला. ही सवय असेल तर ती मोडायला नवी शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

इलेक्ट्रोफ्यूजन, म्हणजे फिटिंगमधल्या तारेला वीज देऊन पाइप जोडणं, शिकायची उत्तम जागा तुझ्या घराजवळच आहे. बेळगावात घरोघरी गॅसची पाइपलाइन टाकायचं काम चालतं, ती पिवळी पाइप पॉलिथिनचीच असते आणि तिथं जोड मारणाऱ्याला पात्रता दाखवावीच लागते. जोडाची नोंद, मशिनाचा प्रिंट, पाइपाचा नंबर, सगळं लिहून ठेवतात. एखाद्या कंत्राटदाराकडं सहा महिने हेल्पर म्हणून राहायची तयारी ठेव. पगार आजच्यापेक्षा कमी मिळेल. पण तिथून मिळालेला जोडणीचा दाखला मला तुझ्या त्या ऑनलाइन सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाचा वाटतो. शिकताना रोज एक जोड कापून वाकवून बघ. चांगला बट जोड वाकतो, फाटत नाही. आणि खानापूरचा म्हणून सांगतो, कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात ताडपत्रीचा तंबू ठोकल्याशिवाय फ्यूजन मशीन सुरू करायचं नाही. दमट टोकाचा जोड वरून देखणा दिसतो आणि आतून धरलेला नसतो.

प्रेशर टेस्ट तीनदा घेतात: पाइप भोकात सोडण्याआधी, ग्राउट केल्यावर (पाइपाभोवतीची पोकळी भरल्यावर), आणि हेडर जोडल्यावर. नवा माणूस पहिल्या टेस्टला घाबरतो, कारण काटा खाली येतो. एचडीपीई दाबाखाली ताणतो, म्हणून सुरुवातीला दाब उतरणारच. गळती असेल तर तो उतरतच राहतो. हा फरक काट्यासमोर बसूनच कळतो, व्हिडिओत कळत नाही.

आता मामांची गाडी. इथं तुझा फायदा आहे आणि धोकाही. पाण्याचं बोअर मारणाऱ्याला झरा लागला की आनंद. आपल्याला झरा लागला की ग्राउट वाहून जाणार याची काळजी. मामांचा हॅमर बहुतेक साडेसहा इंचाचा असणार, तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडच्या बोअर गाड्यांवर असतो तसाच. लूपसाठी तो गरजेपेक्षा मोठा आहे. गणित करून बघ: १६५ मिलिमीटरचं, ११० मीटर खोल भोक, त्यातून ३२ च्या दोन नळ्या वजा केल्या तरी सव्वादोन हजार लिटरच्या आसपास ग्राउट लागतं. तेच भोक १२५ मिलिमीटरचं असतं तर बाराशेच्या आत भागतं. जास्त ग्राउट म्हणजे जास्त पैसे आणि खडक व पाइप यांच्यात जास्त अडथळा. आधी बिट बदलायची बोलणी कर.

ग्राउट बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं, उष्णता वाहण्यासाठी त्यात बारीक सिलिका वाळू. ते बारीक नळी तळापर्यंत सोडून खालून वर भरत यायचं आणि नळी वर खेचत जायची. वरून ओतलं की मध्येच अडकतं आणि खाली पोकळी राहते. गोव्याकडच्या एका साइटवर बोअरवाल्यानं निघालेला भुगाच परत भोकात लोटलेला मी बघितलाय. पावसाळ्यात लूप ठीक चालायचा, मे महिन्यात मशीन हाय प्रेशरवर ट्रिप. भोकातलं पाणी उतरलं की पाइपाभोवती हवाच. कोणी सांगेल की स्वीडनमध्ये ग्राउटच करत नाहीत, भोक भूजलानं भरलेलं ठेवतात. खरं आहे, पण तिथं पाण्याची पातळी वर टिकते. आपल्याकडं उन्हाळ्यात ती कुठं जाते हे मामांना विचार. शिवाय ग्राउट नसेल तर वरचं घाण पाणी सरळ खालच्या झऱ्यात उतरायला वाट मिळते, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी बिघडलं तर गाव तुला विचारायला येईल. पाइप सोडताना पाण्यानं भरून सोड, नाहीतर ओल्या भोकात तरंगतो.

एक गोष्ट आपल्याकडं सोपी आहे. परदेशी कोर्समध्ये ग्लायकॉलवर, म्हणजे पाणी गोठू न देणाऱ्या द्रवावर, अख्खं सत्र असतं. सव्वीस अंशांच्या जमिनीत पाणी गोठण्याचा प्रश्न येत नाही. गंजरोधक घातलेलं साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं.

लूप भरल्यावर हवा काढणं राहतं. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटर तरी हवा, तेव्हाच बुडबुडे यू-बेंडमधून वर येतात. ३२ च्या एसडीआर ११ पाइपाला म्हणजे मिनिटाला साधारण वीस लिटर. तीन लूप समांतर असतील तर साठ. घरगुती अर्धा एचपीचा पंप लावून 'हवा निघाली' म्हणणारे पुष्कळ आहेत. फ्लशिंगचा वेगळा पंप भाड्यानं आण.

डिझाइन तू लगेच करू नकोस, पण समजून घे. तीन टनांचा एसी म्हणजे साडेदहा किलोवॅट थंडावा. मशिनाचा सीओपी ४ असेल, म्हणजे एक युनिट विजेत चार युनिट थंडावा मिळत असेल, तर जमिनीत जाणारी उष्णता साडेदहाच्या सव्वापट, साधारण तेरा किलोवॅट. कारण कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णताच होते. मीटरमागं चाळीस वॅट धरले तर सव्वातीनशे मीटर लूप झाला, ११० मीटरची तीन भोकं. हे चाळीस कुठून आले? अंदाज. आपल्या जिल्ह्यात हा अंदाज फार फसवा आहे. निपाणी-चिकोडीकडं काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. त्याची उष्णतावहन क्षमता १.३ ते २.३ वॅट प्रति मीटर-केल्विन. गोकाकच्या धबधब्याचा दगड कलादगीचा क्वार्टझाइट, तसा दगड ५ च्याही वर जातो. तुमच्या खानापूरकडं वर जांभा आणि खाली गाव बदललं की दगड बदलतो. म्हणून मोठ्या कामाला पहिल्या भोकावर थर्मल रिस्पॉन्स टेस्ट करतात: ग्राउट बसल्यावर ठरावीक उष्णता किमान ३६ ते ४८ तास सतत पाण्यात सोडायची आणि तापमान कसं चढतं ते नोंदवायचं. मधे वीज गेली तर टेस्ट पहिल्यापासून, म्हणून जनरेटर आधी उभा कर. आकडेमोड इंजिनिअरकडून करून घे. शहरात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, मेकॅनिकलची कॉलेजं आहेत, तिथल्या एखाद्या प्राध्यापकाशी ओळख ठेवलीस तर त्यांनाही खरी साइट मिळेल.

तेव्हा त्या कोर्सच्या फीबद्दल. भरण्याआधी त्यांना विचार: प्रत्यक्ष फ्यूजन मशिनावर किती जोड मारायला देता? ग्राउट पंप दाखवता की चालवायला देता? प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं, आणि त्या संस्थेच्या यादीत माझं नाव दिसेल का? सगळं ऑनलाइन असेल तर तेवढ्या पैशात फ्यूजन मशिनाचं भाडं आणि दोनशे मीटर पाइप आणून अंगणात सराव कर.

आणि आजपासून एक काम बिनपैशाचं सुरू करता येईल. मामांच्या प्रत्येक बोअरची वही ठेव: गाव, तारीख, किती फुटांवर माती संपली, केसिंग किती गेलं, कुठला दगड, किती फुटांवर पाणी. बोअरमध्ये पंप बसला की पंधरा-वीस मिनिटं चालवून बादलीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडव आणि आकडा लिही. खोल बोअरचं ताजं पाणी जवळपास त्या खडकाच्याच तापमानाचं असतं. सकाळी घे, म्हणजे वरचा पाइप उन्हानं तापलेला नसतो.